उघडता येईल असा दिवा

प्रश्न : आमचं मालेगावचं जुनं घर या उन्हाळ्यात पाडलं. सागाचं एक कवाड आणि त्याची चौकट बाबांनी विकली नाही, गोठ्यात नीट ठेवली आहे. माझी आत्या त्याच घरात वाढली, आता ती अकोल्याला असते. यंदा भाऊबीजेला बाबांनी तिला साडीऐवजी त्या चौकटीच्या लाकडाचा, चार्ज होणारा एलईडी दिवा ओवाळणीत घालावा आणि तो मी करावा, असं मनात आहे. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोल्डरिंग फक्त प्रॅक्टिकलला केलं आहे. सेल कोणता घ्यावा? लाकडात बॅटरी ठेवली तर पेटणार नाही ना? आणि एकदा चार्ज केल्यावर दिवा किती तास चालेल?
– एक वाचक, मालेगाव (जहांगीर), जि. वाशिम

उत्तर : तिन्ही प्रश्नांची उत्तरं पुढं येतीलच. पण तुम्ही न विचारलेली एक गोष्ट आधी सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर ठरतं. हा दिवा पुन्हा उघडता आला पाहिजे. आज तुम्ही तो बंद कराल, आणखी चार-पाच वर्षांनी दुसऱ्या कुणाला तरी तो उघडावा लागणार आहे.

कारण साधं आहे. दिव्यातल्या तीन वस्तूंचं आयुष्य सारखं नसतं. सागाची चौकट दोन-तीन पिढ्या पाहून झाली आहे आणि वाळवी-पाण्यापासून जपली तर आणखी तेवढ्याच पाहील. बऱ्या प्रतीचे एलईडी हजारो तास जळतात. रोज तीन तास लावला तर कित्येक वर्षं त्यांच्याकडे बघायची गरज पडत नाही. लिथियम-आयन सेल मात्र साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरून रिकामा झाला की थकायला लागतो, आणि न वापरता ठेवला तरी वर्षागणिक त्याची ताकद उतरतेच. म्हणजे सगळ्यात आधी जाणारी वस्तू सगळ्यात आत दडलेली असते. बाजारातले भेटीचे दिवे बहुतेक चिकटवून बंद केलेले असतात. सेल गेला की अख्खा दिवा माळ्यावर जातो. तुमच्या चौकटीचं तसं होऊ नये.

आपल्याकडच्या समईचे भाग आटे फिरवून सुटे होतात. त्यामुळं ती घासता येते आणि एखादा भाग खराब झाला तर तेवढाच बदलता येतो. तुमचा दिवा त्या पद्धतीनं बांधा.

हा माझा नुसता आग्रह नाही. आयआयटी मुंबईच्या ‘सोल’ म्हणजे सोलर ऊर्जा लॅम्प या उपक्रमानं २०१४ पासून महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशातल्या खेड्यापाड्यांतल्या विद्यार्थ्यांपर्यंत दहा लाख अभ्यासाचे दिवे पोचवायचं काम हाती घेतलं. ते दिवे त्या त्या भागातल्याच लोकांना शिकवून त्यांच्या हातून जोडून घेतले आणि दुरुस्तीची सोयही तिथंच केली. मला दहा लाखांच्या आकड्यापेक्षा हा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. ज्यानं दिवा जोडला त्याला तो खोलता येतो, आणि गावात एकाला जरी खोलता आला तरी दिवा बंद पडून राहत नाही.

आता लाकडाकडे वळू. जुना साग मिळाला हे तुमचं भाग्यच. काटेपूर्णेच्या जंगलात साग आपल्या डोळ्यांसमोर उभा असला तरी त्याचं नवं लाकूड मिळवणं सोपं नाही. स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याप्रमाणं परवानगी लागते. शिवाय ताज्या लाकडात ओल असते. ते आपल्या मे महिन्यात आकसतं आणि चिरतं. तुमच्या चौकटीचं जे आकसायचं होतं ते केव्हाच आकसून झालं आहे.

करवत लावण्याआधी लाकडावरून एक जाड लोहचुंबक इंचाइंचानं फिरवा. जुन्या चौकटीत तुटलेले खिळे आत राहिलेले असतात, वरून दिसत नाहीत, आणि सुतारदादांच्या मशीनचं पातं एका खिळ्यात जातं. दुसरं त्याहून महत्त्वाचं. कवाडावर जुना हिरवा किंवा निळा ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते कितीतरी पट असू शकतं. त्याची धूळ लहान मुलांच्या पोटात जाणं फार वाईट. रंग पाण्यानं भिजवून, अंगणात, नाका-तोंडाला चांगला मास्क लावून खरवडा, आणि निघालेला लगदा पिशवीत बांधून वेगळा ठेवा. सगळ्यात चांगलं म्हणजे भिंतीत गेलेली, रंग न लागलेली बाजू दिव्यासाठी निवडा.

चौकटीचा साधारण नऊ इंची तुकडा घ्या आणि सुतारदादांकडून तो उभा मधोमध चिरून घ्या. दोन फाका मिळतील. आतून पोकळ करायला हे फार सोयीचं पडतं, कारण खोल भोक पाडावं लागत नाही; दोन्ही फाकांच्या आतल्या बाजूला पटाशीनं खाच काढली की झालं. मागच्या फाकेत सेलच्या होल्डरसाठी साडेतीन इंच लांब, एक इंच रुंद खाच. पुढच्या फाकेत वरपासून खालपर्यंत अर्ध्या इंचाची उभी फट, तिच्यामागं एलईडीची पट्टी आणि मध्ये दुधी अ‍ॅक्रिलिक. सागात सिलिका असते, पटाशीची धार लवकर जाते. दर थोड्या वेळानं दगडावर लावत राहा. बोथट पटाशी जोर लावून हाणली की ती घसरून हातात घुसते.

अ‍ॅक्रिलिक अगदी घट्ट बसवू नका. लाकूड पावसाळ्यात रेषांना आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. आडव्या बाजूला एक-दीड मिलिमीटर मोकळीक ठेवली नाही तर पहिल्याच श्रावणात प्लास्टिक तडकेल.

दोन फाका फेविकॉलनं जोडायचा मोह होईल. आवरा. एक तर सागातल्या नैसर्गिक तेलामुळं त्यावर फेविकॉल नीट धरत नाही, आणि दुसरं कारण वर सांगितलंच आहे. लाकडात स्क्रू वारंवार काढला-घातला की आटे झिजतात, म्हणून दोन छोटे नट-बोल्ट वापरा. नट मागच्या फाकेत खोबणी करून अ‍ॅरल्डाइटनं बसवून टाका, बोल्ट पुढून आत जाऊ दे. बिजागरीची जुनी खाच किंवा कोयंड्याचा डाग लाकडावर असेल तर तो रंध्यानं काढून टाकू नका. आत्याबाईंना दिवा हातात घेतल्यावर ओळख पटेल ती तिथंच.

सेल १८६५० या मापाचा घ्या. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, नळकांड्यासारखा. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत आणि पॉवरबँकेत हाच असतो, म्हणून आणखी पाच वर्षांनीही मिळेल, आणि या दिव्यासाठी तोच सगळ्यात मोठा गुण. पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट देतो, सरासरी ३.७. विकत घेताना दोन गोष्टी तपासा. वर ९९०० एमएएच लिहिलं असेल तर तो सेल ठेवून द्या. या मापात चांगल्यातल्या चांगल्या कंपन्यांचे सेल ३५०० च्या आसपास असतात. एवढा मोठा आकडा छापलेला माल खोटा. खरा सेल साधारण ४५ ग्रॅम भरतो, खोटे बरेचदा त्याहून हलके असतात, म्हणून काट्यावर ठेवून बघा. आणि आपल्या देशात लिथियम सेलसाठी बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. वेष्टनावर आयएस १६०४६ हा क्रमांक शोधा. २५०० एमएएचचा खरा सेल तुम्हाला पुरून उरेल.

सेलवर थेट सोल्डरिंग करू नका, उष्णतेनं आतलं नुकसान होतं. प्लास्टिकचा होल्डर घ्या. त्यात सेल बोटानं काढता-घालता येतो.

चार्जिंगसाठी टीपी४०५६ नावाचं बोटाच्या पेराएवढं मॉड्यूल येतं. अकोल्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळेल, नाहीतर मागवता येईल. ते संरक्षण असलेलं घ्या. ओळखायची खूण अशी की त्यावर बी-प्लस, बी-मायनस यांच्याबरोबर आउट-प्लस, आउट-मायनस असे आणखी दोन ठिपके असतात. सेल बी वर जोडायचा आणि दिव्याच्या तारा आउट वरून घ्यायच्या. घाईत दोन्ही तारा बी वरच जोडल्या जातात, दिवा छान लागतो, पण मग सेल पार रिकामा होण्यापासून आणि शॉर्टपासून वाचवणारं सर्किट मध्ये येतच नाही. टाइप-सी सॉकेटचं मॉड्यूल घेतलंत तर आणखी एक अडचण येऊ शकते. स्वस्त मॉड्यूलमध्ये त्या सॉकेटचे दोन रेझिस्टर गाळलेले असतात, म्हणून दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलनं चार्जिंग सुरूच होत नाही. चार्जरच्या बाजूला जुनं चपटं यूएसबी असलेली केबल लावली की होतं. भेटीसोबत अशी एक केबल द्याच.

आता आपल्या वऱ्हाडाच्या उन्हाळ्याचा प्रश्न, आणि तो मला लाकडाच्या भीतीपेक्षा मोठा वाटतो. लिथियम-आयन सेल ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नये असा दंडक आहे. मे महिन्यात अकोला-वाशिम भागात बाहेरचा पाराच ४३-४४ ला टेकतो, पत्र्याच्या खोलीत दुपारी विचारूच नका. त्यात हे मॉड्यूल १ अँपिअरनं चार्ज करतं, स्वतःही तापतं आणि बंद लाकडात ती उष्णता कोंडते. उपाय सोपा आहे. मॉड्यूलवर भिंगाखाली बघितलं तर ‘१२२’ लिहिलेला, मोहरीएवढा काळा रेझिस्टर दिसेल. म्हणजे १.२ किलोओहम. त्याच्या जागी ‘२०२’ म्हणजे २ किलोओहमचा बसवला की प्रवाह ५८० मिलीअँपिअरच्या आसपास उतरतो. हे तुमच्या हातानं करायला जाऊ नका. मालेगावातल्या ज्या मोबाइल दुरुस्तीवाल्या भाऊंकडे हॉट-एअर गन आहे त्यांच्याकडून करून घ्या, त्यांचं हे रोजचं काम आहे. चार्जिंगला मग अडीच-तीन तास नव्हे, चार-पाच तास लागतील. लागू देत. आत्याबाईंना एवढंच सांगा की उन्हाळ्यात दिवा रात्री नाहीतर सकाळी चार्जिंगला लावायचा, आणि त्या वेळी तो बंद ठेवायचा. चालू दिव्याचा प्रवाह मध्ये आला की सेल भरल्याचं त्या मॉड्यूलला नीट कळत नाही.

एलईडी घ्यायचे ते वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर उजेडाचे. पांढऱ्या एलईडीच्या पोटात खरं तर निळा प्रकाश असतो आणि त्याच्यावर पिवळ्या भुकटीचा लेप. एक एलईडी न लावता उजेडात धरून वरून बघा, आतल्या वाटीत तो पिवळा ठिपका दिसेल. हा निळा एलईडी करायला शास्त्रज्ञांची तीन दशकं गेली. लाल १९६२ सालीच आला होता; भरपूर उजेडाचा निळा शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये आणला आणि इसामू आकासाकी व हिरोशी अमानो यांच्याबरोबर त्यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तुमच्या होल्डरमधल्या लिथियम-आयन सेलच्या शोधालाही २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल आहे. चार-पाचशे रुपयांच्या सामानात दोन नोबेल, हे मला आजही थरारक वाटतं.

पहिल्यांदाच करताय तर ५ मिलिमीटरचे आठ सुटे एलईडी घ्या, एका छिद्रांच्या प्लेटवर उभ्या ओळीत बसवा, आणि प्रत्येकाला स्वतःचा ६८ ओहमचा रेझिस्टर द्या (त्याचे पट्टे निळा, करडा, काळा आणि शेवटचा सोनेरी). आठांना मिळून एकच रेझिस्टर दिला तर ज्याला थोडा कमी व्होल्टेज लागतो तो जास्त प्रवाह ओढतो आणि आधी जातो. हिशेब असा : पूर्ण भरलेल्या सेलचे ४.२ मधून एलईडीचे ३ व्होल्ट वजा केले की उरले १.२. भागिले ६८, म्हणजे साधारण १७-१८ मिलीअँपिअर. या एलईडींना २० पर्यंत चालतं. एलईडीचा लांब पाय प्लस. उलटा लागला तर इतक्या व्होल्टेजला तो जळत नाही, नुसता पेटत नाही; काढून फिरवा.

सोल्डरिंगची धास्ती नको. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, रोझीन असलेली बारीक तार, आणि आधी टाकाऊ प्लेटवर सराव. जोड चकचकीत आणि मध्ये किंचित खोलगट दिसला तर बरोबर. मण्यासारखा गोल गोळा बसला असेल तर पुन्हा तापवा, तो वरवर चिकटला आहे. पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून, डॉ. श्रीनाथ कलबागांच्या काळापासून, शाळेच्या वयाची मुलं वेल्डिंगपासून वायरिंगपर्यंत हातानं करतच शिकत आली आहेत. तुम्हाला तर प्रॅक्टिकलचा अनुभव आहे.

किती तास, तर सेल ३.७ व्होल्टवर असताना आठ एलईडी मिळून ८० मिलीअँपिअरच्या आसपास खातील. २५०० एमएएचच्या सेलवर पंचवीस तास धरून चाला. त्यातले शेवटचे काही तास उजेड मंद असेल. मंद होत जाणं टाळायला पाच व्होल्टचं बूस्टर मॉड्यूल लावता येतं, पण मी या दिव्यात लावणार नाही. उजेड उतरला की चार्ज करायची वेळ झाली हे वेगळं सांगावं लागत नाही, आणि आत बिघडणारी एक वस्तू कमी होते. उजेड उशाशी ठेवायला, रात्री उठायला, वीज गेल्यावर देवघरापर्यंत जायला भरपूर. पोथी वाचायला कमी पडेल. तसा वापर असेल तर सोळा एलईडी लावा, तास निम्मे होतील. विजेचा खर्च विचारात घेण्याजोगा नाही, एका युनिटमध्ये हा सेल साठएक वेळा भरेल.

लाकूड पेटण्याबद्दल. आठ एलईडी मिळून अर्धा वॉटही खात नाहीत, त्यांच्या उष्णतेनं साग पेटणं शक्य नाही. एक वॉटचे पॉवर एलईडी लावू नका, त्यांना अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लागते आणि लाकूड उष्णता वाहून नेत नाही. खरा धोका सेल शॉर्ट होण्याचा आहे. सेलचं प्लसचं टोक नीट बघा. मधल्या बटणाभोवतीची कडा, आणि खालपर्यंतचं सगळं नळकांडं, मायनस असतं. दोघांमध्ये असतो एक कागदी चकतीचा आणि पातळ प्लास्टिकचा आडोसा. ते प्लास्टिक फाटलं असेल तर सेल वापरू नका. बोल्टची लांबी पट्टीनं मोजून ठरवा, त्याचं टोक सेलच्या खाचेत डोकावता कामा नये. सगळ्या जोडांवर हीटश्रिंक नळी चढवा. फुगलेला, ठेचलेला, किंवा जुन्या लॅपटॉपमधून काढलेला आणि मीटरवर अडीच व्होल्टच्या खाली दाखवणारा सेल कितीही फुकट मिळाला तरी घेऊ नका.

शेवटचा हात तेलाचा. जवस आपल्याकडचंच पीक, आणि त्याचं तेल हवेत राहून घट्ट होतं, म्हणून लाकडाला उत्तम. काचपेपर ८०, १२०, मग २२० नंबरचा फिरवून झाला की कापडानं पातळ हात द्या, वीस मिनिटांनी जादाचं पुसून घ्या. घाण्याचं कच्चं तेल वाळायला काही आठवडे घेतं. हार्डवेअरच्या दुकानात ‘बॉइल्ड लिनसीड’ मिळालं तर दोन-तीन दिवसांत वाळतं, फक्त ते खायचं नाही. आणि हे नक्की पाळा : तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, चुरगळलेल्या कापडात ती साठते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. ते दोरीवर पसरून पूर्ण वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. या कामात आगीची भीती बाळगायचीच तर ती या फडक्याची बाळगा.

दिवा बंद करण्यापूर्वी आत एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर तारांची आकृती, सेलचं माप, रेझिस्टरचा आकडा, कोणत्या वर्षी आणि कुणी केला, आणि लाकूड कुठल्या घराचं ते लिहा. पेन्सिलीनं लिहा, शाई फिकी पडते. जुना झालेला सेल घंटागाडीत टाकायचा नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणं तो गोळा करून घेण्याची जबाबदारी उत्पादकांची आहे, तोवर टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायचा. हेही चिठ्ठीत लिहून ठेवा.

दसरा ते भाऊबीज साधारण तीन आठवडे मिळतात. कच्चं तेल वापरणार असाल तर लाकडाचं काम दसऱ्याच्या आधी संपवून पहिला हात द्या आणि ते वाळेपर्यंत आतलं सर्किट टेबलावर जोडून सलग दोन-तीन रात्री चालवून बघा. सुतारदादांना मात्र आत्ताच गाठा. नवरात्रानंतर सगळ्यांचीच कामं निघतात आणि त्यांचा हात रिकामा सापडत नाही.